केस कापले त्या दिवशी

(मयूर विहारमधला फ्लॅट. दिलीप ऑफिसातून नुकताच आलाय. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं.)

दिलीप : ब्यूरोला फोन केलाय, अण्णा. उद्यापासून दुसरी अटेंडंट येईल.

अण्णा : कशाला? कौशल्यानं काय केलं?

दिलीप : विचारताय काय? आईच्या डोक्यावर मशीन फिरवलं तिनं!

अण्णा : तुला विचारून फिरवलं.

दिलीप : मी मीटिंगमध्ये होतो. फोनवर ‘भैया, माताजी के बाल छोटे कर दूँ?’ म्हणाली. म्हटलं, कर दो. मला वाटलं, खालून थोडे कापेल. तुम्ही कुठे होतात?

अण्णा : दूध आणायला गेलो होतो. आलो तर सगळं झालेलं.

दिलीप : थांबायचं तरी तिनं, यार!

अण्णा : ओरडू नकोस. पडून पडून नुसता गुंता झाला होता. मागे जखम झालेली, मलम लागत नव्हतं. पडून असलेल्या सगळ्याच पेशंट्सचे कापतात म्हणे. तिला काय माहीत आपल्याकडे त्याचा काय अर्थ होतो!

दिलीप : कसला अर्थ? आजकाल कोण मानतं?

अण्णा : तुझी आई मानते. तिचे वडील गेले तेव्हा न्हावी घरी आला होता. तिच्या आईला मागच्या ओट्यावर बसवलं. ही दाराआडून बघत होती, एवढीशी होती.

दिलीप : म्हणजे आईला वाटतंय की...

अण्णा : मी गेलो.

दिलीप : अहो, पण तुम्ही समोर आहात ना! सांगायचं, मी आहे म्हणून.

अण्णा : सांगितलं. हात धरून सांगितलं. तिनं हात ओढून घेतला आणि चादर डोक्यावरून घेतली. परका माणूस खोलीत शिरला म्हणून घाबरली, दिलीप. पॅरालिसिसच्या अटॅकनंतर भान तसंही निम्मंच उरलं होतं.

दिलीप : करोल बागेत विग मिळतात. मी उद्याच...

अण्णा : कुंकू पुसलंय तिनं. जो हात चालतो, त्यानं. बांगड्या कौशल्याकडून काढून घेतल्या.

दिलीप : डॉक्टर काय म्हणाले?

अण्णा : वाट बघा म्हणाले. त्यांच्या बोलण्यातही काही दम नव्हता.

दिलीप : मग निदान या बाईला तरी काढू. तिचं तोंड बघवत नाही मला.

अण्णा : नको काढूस. तिच्या हातून चार घास जातात. मी वाटी घेऊन गेलो की तोंड मिटून घेते.

दिलीप : चुकलं माझं, अण्णा. हो म्हणायच्या आधी तुम्हाला एक फोन करायला हवा होता.

अण्णा : आता बोलून काय उपयोग?

दिलीप : आत्ता झोपलीये का ती?

अण्णा : नाही. रडतेय. दुपारपासून माझ्यासाठी रडतेय ती, आणि मला आत जाता येत नाही.