आमचे घरचे जज

—ती नको, ही बघा. सत्काराच्या फोटोत हीच शाल उठून दिसत्या. कुणाचा म्हणलासा सत्कार? कॅनडाच्या जजांचा? अतुल चौगुल्यांचा? बसा की हो, उभं का! आमच्या गल्लीतलं पोरगं ते, तंबाखूच्या वखारीमागं घर. तिकडं वकील झाला, तेव्हा निपाणीत पहिला बोर्ड कुणी लावला? मी. तिथनं आमदार झाला — दुसरा बोर्ड, मीच. हितं सीमाभागात दोन सरकारं आमच्यावरनं भांडत्यात, आपलं कुणीच म्हणत न्हाय, आणि आमचा माणूस तिकडं निवडून येतोय, मग लावायचा न्हाय व्हय? पुढं राजकारण सोडून जज झाला. तिसरा बोर्ड सगळ्यांत मोठा, स्टँडसमोर. वर त्याचा फोटो, खाली हात जोडलेला माझा — ‘आमचे घरचे जज’. आता बोर्डावर असंच लिहित्यात की! गल्लीतल्या उडाणटप्पूला बी ‘युवकांचे आधारस्तंभ’ लिहित्यात — कुणी खरं धरतंय का?

तिथल्या कोर्टात धरलं.

म्हंजे — आमची लेक अनुराधा तिकडंच असत्या. नवऱ्याशी मोडलं. नात आरोही कुणाकडं राहायची, हा खटला — आणि नेमका अतुलपुढं. मी फोनसुद्धा केला न्हाय त्याला, शप्पथ! पण जावयाच्या वकिलानं बोर्डाचा फोटो कोर्टात दाखवला आणि अतुल खटल्यातनं बाजूला झाला. त्याचं काय चुकलं? काय न्हाय. फोटो जावयाला कुठनं मिळाला म्हंता? ...मीच पाठवलेला. जरा वचक बसंल म्हणून. आता दुसरा जज, सगळं पहिल्यापासनं, तोवर पोरगी बापाकडं — आणि हा नवा जज म्हणणार, वशिल्यावाल्या घरातली बाई ही. अनुराधा एवढंच म्हणाली, “आप्पा, मला विचारायचं तरी हुतं.” तेव्हापासनं फोन उचलत न्हाय. आरोहीचा आवाज ऐकला न्हाय, हो, मी...

शाल माझ्याकडनं समजा. फक्त एक करा — पाया पडतो तुमच्या — खांद्यावर घालताना हळूच त्याच्या कानात सांगा, नव्या जजला एक शब्द —

न्हाय. न्हाय, काय सांगू नका! माझं नावसुद्धा काढू नका तिथं. शाल न्या, जावा.

थांबा — दुकानाची पिशवी द्या इकडं. तिच्यावर माझा फोटो हाय.