राउटरचं टोपडं

...आणि परत तेच! "आई, बंद करून चालू कर!" अहो, तुम्हाला सांगते, त्या राउटरला आमच्या घरात दुसरं औषधच नाही. लेक माझी दूरदेशी, रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल, आठवड्यातून तेवढंच काय ते तिचं तोंड दिसायचं, आणि नेमकं तेव्हाच हे डबडं मान टाकणार! "आई, ऐकू ये..." की गेली! मुलगा आतल्या खोलीतून ओरडतो, "बंद करून चालू कर!" सून म्हणते, "कपाटावर ठेवू या, उंचावर रेंज चांगली." ठेवला. कंपनीला फोन लावला तर तिथली पोरगी मधात घोळवून, "मॅडम, एकदा बंद करून चालू करता का?" अगं बाई, तुझी नि माझ्या लेकाची शिकवणी एकच का गं?

पण खोटं कशाला बोलू... लेक अडकत अडकत दिसायची ना, तेही गोड वाटायचं मला. पाण्याखाली ठेवलेल्या चित्रासारखी. केस कुठले, भिंत कुठली, काही कळायचं नाही, आणि मग वाटायचं, ही अजून दोन वेण्या घालून दारात उभी आहे, आत्ता म्हणेल भूक लागली... पडद्यातून ऊन झिरपतंय, ती हलत नाहीये, मी आपली बघतेय, बघतेय... "आई! अडकलंय ते! बंद करून चालू कर!"

शेवटी दुरुस्तीवाला आला. हात लावला नि चटका बसून मागे सरला. "आजी, हे काय घातलंय याला?" काय म्हणजे? टोपडं! लोकरीचं, मी विणलेलं, आतून अस्तर. मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, शिलाई मशीनला आहे, मग यानंच काय घोडं मारलंय? बिचारा उघडाबोडका डोळे मिचकावत बसतो, धूळ नाही का बसत? "आजी, थंडी नाही वाजत हो त्याला, जीव गुदमरतोय!" टोपडं काढलं, भोकांतली धूळ ब्रशनं झाडली, आणि... हो, त्यानंही! बंद करून चालू केला.

रविवारी लेक कॉलवर आली ती लख्ख! बाई गं... कानशिलं पांढरी, डोळ्यांखाली काळं. तीही बघतच राहिली. "आई... किती थकलीस गं!"

मी म्हटलं, "बिघाड तिकडचा असेल. बंद करून चालू कर!"

केलं हो, वेडीनं! पुन्हा दोघी तेवढ्याच म्हाताऱ्या.

मग काय... नवं टोपडं घेतलंय विणायला. जाळीचं. त्याला वारा लागेल, आणि आम्हाला थोडं... धुकं.