राळेची चव

चिमा : या पाचव्या मडक्याचा फेस बघ, दादा. बोटभर चढलाय, बुडबुडे मोहरीएवढे. साठ आकडे मोजले, तरी मधोमध खळगा पडला नाही.

भागोजी : गिऱ्हाईक काय फेस पितं, चिमे? चाख, रेघा मार, पुढे सरक. उन्हं पायरीवर आली की माणसं येतील.

चिमा : चाखली. दोनदा. आधी गोड, मग जिभेच्या कडांना किंचित आंबट, आणि गिळल्यावर मागे काही उरत नाही. या दुकानात इतकी स्वच्छ माडी कधी चाखली होती, आठवत नाही मला.

बाबल्या : मगे किती रेघा, बाय?

भागोजी : तू कोण रे विचारणारा? साखरतरच्या खाडीपलीकडून मडकी आणलीस, आता रिकामी घे आणि गप बस पायरीवर.

बाबल्या : बसलोच हाय की. चार दिस होडी घेऊन येतोय, रोज खडूच्या रेघा बघतोय. म्हटलं, इचारावं.

चिमा : तीन रेघा म्हणजे जशीच्या तशी गिऱ्हाईकाला. दोन म्हणजे दुसरीत मिसळायची. एक म्हणजे शिरक्याला ठेवायची. फुली म्हणजे ओतून द्यायची, आणि ज्याचं मडकं त्याला परत. हिला तीन. चौथी रेघ असती तर तीही मारली असती.

बाबल्या : आन् कोणी दोस्ताला तीन मारल्या, वैऱ्याला फुली?

चिमा : कोणाची ते मला कळतच नाही. मडक्यावरची खूण भिंतीकडे असते. मी उपाशीपोटी येते. रात्रीपासून मासळी नाही, मीठ नाही, चूळ भरून बसते. सगळी चाखून झाली की मगच मडकी फिरवायची. नियम दादाचा.

भागोजी : म्हणून तर मिऱ्यापासून भाट्यापर्यंत लोक म्हणतात, भागोजीकडे चिमेची रेघ बघावी आणि डोळे मिटून प्यावं. परवा ते सत्याग्रहवाले दारात बसले, तेही म्हणाले, दारू वाईट, पण दुकान खोटं नाही.

गोदा : वन्सं, तेवढी ही करवंटी पण चाखा. काल संध्याकाळी पुढचा रांजण फुटला. उरलेली माडी मागच्या रांजणात काढली. विकण्यासारखी आहे का बघा.

भागोजी : मागच्या? तुला कोणी सांगितलं गो मागच्यात ओतायला? शिरक्याचा रांजण तो!

गोदा : मग काय अंगणात सांडू? मुसळ लागलं, रांजण फुटला. दुसरा कुठे आहे घरात?

भागोजी : दे इकडे. चाखायची नाही ती. ओतून टाक.

चिमा : थांब, दादा. चाखल्याशिवाय ओतायची नाही, हाही तुझाच नियम. आणा वहिनी... हं. आंबट झालीय. ते असू दे, शिरक्याच्या रांजणात आंबटच होणार. पण मागून काहीतरी येतंय. कडवट. टाळूला चिकटतंय.

गोदा : कसलं, वन्सं?

चिमा : जरा पाणी द्या. चूळ भरून पुन्हा घेते... राळ. या रांजणाला तडा होता का?

गोदा : होता. ह्यांनीच राळेने सांधला. आठ वर्षं झाली.

भागोजी : सांधला, मग? शिरका कोण चाखतो? लोणच्यात जातो तो.

चिमा : मी कधीच चाखला नाही. तेच म्हणते. राळ पाण्यात विरघळत नाही, पण माडी आंबून चढली की तिच्यात उतरते. माडावर बांधायच्या मडक्याला राळ नसते. त्याला आतून चुन्याचा हात, बाहेरून गेरूची खूण, बस. मग ही चव माझ्या ओळखीची कशी, दादा?

भागोजी : सतरा मडकी चाखतेस रोज. कुठली तरी आठवली असेल.

चिमा : कुठली तरी नाही. सात वर्षांपूर्वी, शिमग्यानंतर. एकाच माणसाच्या मडक्यांना पंधरा दिवस ही चव होती. आंबट, आणि मागून हे कडवट. मला वाटलं, त्याने मडकं कधी धुतलंच नाही. पंधरा दिवस मी पंधरा फुल्या मारल्या. पहिल्याच दिवशी या पडवीत सगळ्यांदेखत बोलले, ज्याचं मडकं असं त्याचा हात घाण. मग तू मडकं फिरवलंस.

बाबल्या : कोणाचं व्हतं?

चिमा : गेरूचा मासा होता त्यावर. हरिश्चंद्राचा.

भागोजी : जुनी मढी कशाला उकरतेस? आळशीच होता तो.

चिमा : आळशी? तो पुढ्यात उभा होता. मडकं घेऊन गेला, राखेने घासलं, दोन दिवस उन्हात पालथं घातलं. नवी मडकी आणली. नव्या मडक्यांनाही फुली. नव्या कोऱ्या मडक्याला कडवटपणा कुठून, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, घाण हाताची असते, मडक्याची नाही.

भागोजी : चिमे, माणसं येतील आता.

चिमा : येऊ देत. ओळ कोण लावायचं? तू. मी चूळ भरत असताना मडक्यांपाशी कोण असायचं? तू. कोणतं मडकं कोणाचं, हे एकट्या तुला ठाऊक. खुणा भिंतीकडे ठेवल्या त्या मला कोणाचा लोभ पडू नये म्हणून, असं मी समजत होते. त्याच्या मडक्यात हा शिरका किती ओतायचास, दादा? एक करवंटी?

भागोजी : काय ओतायचो? वेड लागलंय तुला.

गोदा : अर्धी करवंटी. झाकण उघडून, हात पंचाला पुसून, लगेच झाकण. मी न्हाणीच्या दारातून बघितलंय.

भागोजी : गोदे!

चिमा : वहिनी, तुम्ही बघितलंत? तेव्हा?

गोदा : तेव्हाच. पंधराही दिवस.

चिमा : आणि सात वर्षं माझ्या ताटात भात वाढत राहिलात.

गोदा : वाढत राहिले. ह्यांनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती. तोंडाने सांगायची बंदी होती मला, वन्सं. म्हणून काल मुसळ घेतलं आणि पुढचा रांजण फोडला. तुमच्या जिभेला कळेल, एवढी खात्री होती.

भागोजी : बरं, ऐक. ओतला. ऐकायचंय ना? त्याने तुला विचारलं होतं, माझ्याशी पाट लावशील का. तू म्हणालीस, हंगाम संपला की सांगते. मी तुझा चेहरा बघितला. तू हो म्हणणार होतीस.

चिमा : म्हणणार होते.

भागोजी : तुझा पहिला नवरा गलबतासकट बुडाला, त्याचं धोतरसुद्धा मिळालं नाही. विसाव्या वर्षी तुला इथे आणली तेव्हा तू महिनाभर बोलली नाहीस. आणि हा रोज चाळीस हात उंच माडावर चढणारा. एक पाय निसटला की पुन्हा तेच. भाऊ होतो मी.

चिमा : हे तेव्हा सांगायचंस. मी ऐकलं असतं, भांडले असते, रडले असते. कदाचित नाहीही म्हणाले असते.

भागोजी : आणि दुकान? तू गेलीस की रेघा कोण मारणार? गावात अशी जीभ दुसरी नाही.

चिमा : आता खरं बोललास. त्या माणसाला घालवायला तू माझीच जीभ वापरलीस. दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याला घाण म्हणवलं असतंस, तर मी तुला माफ केलं असतं.

भागोजी : झालं गेलं. तो मालगुंडला गेला, तिकडेच असेल कुठे. आता चाख पुढचं मडकं.

बाबल्या : मालगुंडास न्हाय वो. औंदा खाडीपल्याड आमच्या काळबादेवीत माड घेतलेत त्यानं.

भागोजी : तू गप!

चिमा : हरिश्चंद्राने? बाबल्या, तू तिकडूनच येतोस ना? हे पाचवं मडकं तू आणलंस?

बाबल्या : व्हय. पयले तीन दिस ह्या भागोजीशेटनी माजी मडकी परस्पर आत नेली. आज वयनींनी सांगितलं, तूच ओळीत लाव, खूण भिंतीकडं कर. मी लावलं.

(चिमा मडकं फिरवते.)

चिमा : मासा.

गोदा : पहिल्या दिवशीच बघितला मी. मग रांजणाकडे वळले.

चिमा : बाबल्या, घरात कोण आहे त्याच्या?

बाबल्या : कोन न्हाय. येकटाच. सकाळ-सांज मडकी घासत बसतो. राख, चुना, ऊन, पुन्यांदा राख. आमी हसतो त्याला, अरे मडकी हायत का देवाची भांडी! तो फिरून राख घेतो.

चिमा : सात वर्षं घासतोय.

भागोजी : चिमे, तू नुसती उभी का? खडू का ठेवलास खाली?

चिमा : बारा मडकी राहिलीत. तू चाख. खुणा भिंतीकडेच आहेत.

भागोजी : आणि तू?

चिमा : होडी कधी सुटते रे बाबल्या?

बाबल्या : भरती लागलीच हाय. रिकामी मडकी बांधली की निघालो.

भागोजी : लोक काय म्हणतील? सात वर्षांनी बाई आपल्या पायांनी जाते? आणि त्याने नको म्हटलं तर? तू त्याला चारचौघांत घाण म्हणाली होतीस, मी नव्हे!

चिमा : मीच म्हणाले होते. म्हणून मीच जाणार. नको म्हणाला तर नको. पण त्याचा हात स्वच्छ होता, हे त्याला माझ्या तोंडून ऐकू दे.

गोदा : वन्सं, उपाशी आहात. पेज तरी घेऊन जा.

चिमा : नको वहिनी. तोंडात अजून राळ आहे, ती तशीच राहू दे पोचेपर्यंत. बाबल्या, मडकी एका बाजूला बांध आणि माणसाला बसायला जागा ठेव. हरिश्चंद्राने मला एक विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. ते हो आहे.