मिसेस हॅडलींचा वाफा

कॅल्गरीच्या ट्राममध्ये आमच्या इटालियन गल्लीतल्या असुन्ता आणि पालमीरा माझ्या पुढच्याच बाकावर बसल्या होत्या.

"असुन्ता, पिशवी फुगलीय गं! कुणाच्या हिरवळीतली भाजी?"

"मिसेस हॅडलींच्या. त्यांना वाटतं, मी त्यांचं तण उपटते. वर चहा पाजतात."

"आणि तू तेच तण लसूण घालून परततेस!"

"मागच्या वर्षी त्यांनाही खाऊ घातलं. दोनदा मागून घेतलं."

"बाई गं! कसली भाजी, विचारलं असेल."

"म्हटलं, इटलीतल्या आमच्या कालाब्रियाची. तर बी मागितलं."

"दिलंस?"

"दिलं की. आता त्यांनी त्याचा वाफा केलाय, रोज पाणी घालतात."

"अगं, डँडेलियनची पिवळी फुलं आली की आपलंच तण ओळखतील!"

"फुलं येऊ देते कशाला? कोवळी असतानाच खुडते. वाफ्यात तण शिरू नये म्हणून मलाच लक्ष ठेवायला सांगितलंय."