शेवटच्या रांगेपर्यंत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या सर्वांच्या ताई आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

मी एक हात वर करून का उभा आहे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. शपथ वगैरे घेत नाहीये. हातात ही काडेपेटीएवढी डबी आहे. माझं बोलणं ती ब्लूटूथने थेट कानातल्या श्रवणयंत्रात पोचवते. तिचा स्टँड सकाळी मोडला, म्हणून तूर्त मीच स्टँड.

ही डबी आपल्या श्रवणयंत्रांच्या कारखान्यातून, ताईंच्या तपासणी विभागातून, सुखासुखी बाहेर पडलेली नाही. रिकाम्या सभागृहात झकास चालायची, पण माणसं येऊन बसली की तिसऱ्या रांगेपलीकडे आवाज तुटायचा. का? माणसाच्या अंगात पाणी फार, आणि पाणी या ब्लूटूथच्या लहरी पिऊन टाकतं. मग ताईंनी काय करावं? याच खुर्च्यांवर पाण्याने भरलेले कॅन बसवले! वॉचमनने विचारलं, "ताई, हे कोण पाहुणे?" ताई म्हणाल्या, "प्रेक्षक. मध्येच उठून चहाला जात नाहीत."

आमचे साहेब म्हणाले, "त्यांना पहिल्या रांगेत बसवा ना, प्रश्न मिटला." त्यांना म्हणजे ताईंच्या वडिलांना. बाबांचं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, कान तिथेच राहिले. ताईंच्या प्रत्येक सत्काराला ते आले, पण बसले शेवटच्या रांगेत, दाराजवळ. खोकला आला तर पटकन बाहेर जाता यावं म्हणून. कानात यंत्र असूनही इतक्या लांबून लेकीबद्दल कोण काय बोललं, अक्षर कळायचं नाही. शेजाऱ्याचे हात हलले की मग हे टाळी वाजवायचे आणि घरी विचारायचे, "काय गं म्हणाले?" ताई सांगायच्या, "चांगलंच म्हणाले, बाबा." स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडाने कसं सांगणार?

आज शेवटचा सत्कार. बाबांना आज तरी ऐकू गेलं पाहिजे, आणि तेही त्यांच्या जागेवर, असा ताईंनी हट्टच धरला. डबी खिशात ठेवून पाहिली, गळ्यात अडकवून पाहिली. शेवटी डोक्यांच्या वर धरली, तेव्हा कुठे आवाज दारापर्यंत गेला.

तर बाबा, कानात प्राण आणून ऐका. ताई, आज एकेरीत बोलतो, रागावू नका. बाबा, तुमची लेक आमच्यावर कधी ओरडली नाही. खोटं कशाला बोलू, रोज ओरडली! पण नीट ऐकू येत नाही असं एकही यंत्र तिने इथून बाहेर जाऊ दिलं नाही. आम्हाला काम तिने शिकवलं. आमचा तिच्यावर फार जीव आहे.

थांबा, थांबा! पहिली टाळी कोणाची होती? दाराजवळून आली ना, तुम्हा सगळ्यांच्या आधी? ताई, बघितलंत? आज बाबांनी शेजाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता मी आवरतं घेतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि त्या कॅनच्या जागी येऊन बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक निघून गेलं असेल तर पोटात घाला. ताई, या माइकपाशी. तुम्ही बोला, मी शेजारी हात वर धरून उभा राहतो.