एकतिसावी हरकत

हॅलो? ताई? …मी बोलतेय. आवाज येतोय का? …हो, हो, पालिकेतूनच. जिन्याखाली बाक आहे, तिथे बसलेय. …नाही, संपली कुठे सुनावणी. ताई, ऐक. तू आत्ता कुठे आहेस, आईजवळ?

बरं. जरा उठ तिथून. …अगं उठ म्हणते ना.

…कूस? कूस नंतर बदल. पाच मिनिटं राहू दे तिला तशीच. …ताई, माझ्या अगदी गळ्याशी आलंय. शिलाई मशीनच्या खणात बघ. एक खाकी पाकीट आहे का? …जाडजूड. …डावा खण गं. बॉबिनचा डबा असतो तो.

नाही? मग उजवा.

…चिडत नाहीये मी. रडू येतंय मला.

काय झालं म्हणजे… चुकीचं पाकीट दिलं मी. सकाळी, खिडकीवर. …दोन पाकिटं होती ना. एकात ती पत्रं, आगीचे बंब ठेवायचे तो जुना बंबखाना आमच्या कलाकेंद्रासाठी द्या म्हणून लोकांनी लिहिलेली. दुसऱ्यात हरकती. …आमच्याच. सांगितलं होतं की तुला. आमच्या नाटक मंडळाचे मास्तर म्हणाले, सुनावणीला विरोधक काय काय काढतील त्याची आपण आधीच तालीम करू. मग सगळेच जण विरोधक झाले, छापील अर्ज आणले, एकेकाने दोन-दोन हरकती लिहिल्या, सह्या ठोकल्या. …खोट्याच. नाटकच ते. पण पालिकेला काय माहीत? पाकीट माझ्या सहीने गेलंय.

…हसू नकोस ताई. प्लीज.

आत दोन-तीन मोठ्याने वाचून दाखवल्या गं. सुनावणी घेणाऱ्या मॅडम आहेत एक, चष्म्यावरून बघतात. त्यांनी पाकीट फोडलं आणि सुरूच झाल्या. 'ढोल वाजले तर माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील.' …आमचा न्हावी. विनोदी कामं करतो तो. मग त्या 'निवृत्त न्यायाधीशां'ची हरकत. …पोस्टातला, आमचा नायक. दोन पानं लिहिलीत त्याने. अशी काय भाषा, की ऐकता ऐकता मलाच वाटलं, खरंच, कशाला द्यावी या लोकांना जागा.

मास्तर? मास्तर मान खाली घालून बसलेत. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

…मी उठले की. सगळ्यांसमोर उठले. म्हटलं, मॅडम, ही आमची तालीम आहे. हॉल हसला. पार्किंगवाले मागच्या रांगेत बसलेत, त्यांनी तर टाळ्या वाजवल्या. …हो, त्यांना गाड्या लावायला हवाय ना बंबखाना. त्यांचा अर्ज तयार आहे.

सापडलं का? …मग बोलत काय उभी आहेस, शोध ना. आईच्या औषधांच्या ट्रेखाली बघ. मी तिथेही ठेवते कधी कधी.

मॅडम म्हणाल्या, ज्याच्या सहीने हरकती आल्या त्याने त्या मागे घ्याव्यात. प्रत्येकीवर 'मागे घेतली' लिहायचं आणि सही. पाच वाजेपर्यंत. आणि पाठिंब्याची पत्रं पाच वाजेपर्यंत टेबलावर. …फोटो नाही चालत, कागदच हवा. आता चार वीस झालेत.

…एक जरी राहिली तर फाइल परत वर जाणार. म्हणजे सहा महिने. तोवर आम्ही कुठे जाणार, ताई? टायरवाल्याने तालमीचं गोदाम काढून घेतलं. मास्तर म्हणालेत, आज झालं तर झालं, नाहीतर मंडळ बंद. बंद म्हणजे बंद. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते मी. संध्याकाळचे ते तीन तास गेले तर मी… जाऊ दे. तुला नाही कळायचं.

…काय? सापडलं? कुठे होतं? …उशीखाली? आईच्या? …ती पडल्या पडल्या कशाला ठेवेल? मीच ठेवलं असणार. वर काय लिहिलंय? …'पाठिंबा'. हो. हो, हेच. ताई, तू वाचवलंस मला.

आता खालच्या काकांना हाक मार. स्कूटर आहे ना त्यांची? …झोपले असतील तर उठव. …त्यांना सांग, दुसरा मजला, मोठा हॉल, माझ्या हातात द्यायचं. …मी फोन धरते, जा तू.

…

…अहो शिपाईदादा, हो. इथेच बसून करतेय. बघा ना, सह्याच चालू आहेत. मॅडमना सांगा, झालंच. …पाणी नको. …बरं, द्या.

…हॅलो? निघाले? लुंगीवर? …जाऊ दे, लुंगी तर लुंगी. ताई, हुश्श झालं गं. …नाही, तू बोल ना. बोलता बोलता सह्या होतात. एकटीने बसवत नाहीये इथे.

…हं. तेवीस. …चोवीस. ही तर माझ्याच हातची. न्हाव्याचं अक्षर कुणाला लागत नाही म्हणून मी उतरवून दिली होती. …पाठ दुखतेय? शेकून घे ना. …पंचवीस. सव्वीस.

आणि मॅडमची गंमत सांगते. त्या म्हणाल्या एकतीस हरकती आहेत. मी म्हटलं तीस. तर म्हणतात, मला मोजता येतं. …पंधरा जण, प्रत्येकी दोन. तीसच होणार ना? …एकोणतीस. तीस. झाल्या. संपल्या.

…थांब. आहे गं एक. खरंच आहे. घडी घातलेली. ही कुणी…

ताई.

ताई, हे तुझं अक्षर आहे.

…उगाच काहीतरी बोलू नकोस. तुझा 'ळ' मी ओळखणार नाही? तू लिहिलंस? माझ्या पाठीमागे? तुला माहीत होतं या जागेसाठी मी किती… किती चपला झिजवल्यात, आणि तू घरात बसून… 

…मशीनवर पाकीट होतं, त्यावर 'हरकती' लिहिलं होतं, म्हणून टाकलीस. तुला वाटलं ते पालिकेत जायचंय. …आणि गेलंच की. छान.

…नाही, थांब. वाचू दे मला.

'बंबखान्याच्या खालच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या माणसांना दिवसभर ठेवता येईल अशी खोली करावी. माझी आई तीन वर्षं झोपून आहे. तिची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. एकटीने होत नाही. मागल्या महिन्यात आई माझ्या हातून घसरली. घरात कुणाला सांगितलेलं नाही. माझी धाकटी बहीण संध्याकाळी नाटकाला जाते. ती तिथे खूश असते म्हणून मी काही म्हणत नाही. पण ही जागा नाटकाला मिळाली तर ती रोजच जाईल.'

…

…हॅलो? आहेस ना?

घसरली म्हणजे? कधी? …ते दंडावरचं? तू म्हणालीस इंजेक्शनचं काळं-निळं आहे. …ताई, सांगायचंस ना गं.

…कधी सांगितलंस? …हो. …हो, आठवलं. मी वही घेऊन बसले होते. मी म्हटलं, थांब, एवढा अंक होऊ दे. …आणि मग विचारलंच नाही.

चौदा जणांची वाक्यं मला तोंडपाठ आहेत, ताई. कोण कुठे अडखळणार ते त्यांच्याआधी मला कळतं. आणि घरात तू…

…नको ना रडूस. मी पण मग… लोक बघतायत इथे.

…काय म्हणतेस? …फाडून टाकू?

…माहीत आहे मला तू मनापासून म्हणतेयस. तुझं म्हणणं असतंच मनापासून. …हो, कुणाला कळणार नाही. मॅडमना सांगायचं, मोजण्यात चूक झाली. मास्तर खूश. …ताई, जरा गप्प बस. मला विचार करू दे.

…अहो काका, इकडे. इकडे या, जिन्याखाली. …दमलात. बसा. द्या ते पाकीट. …नाही हो, फार उपकार झाले.

…ताई, काका आले. बारा मिनिटं आहेत. …परत तेच? नको म्हणू 'फाड' म्हणून. माझं मन तेवढं घट्ट नाहीये, खरंच फाडेन मी.

…आले, आले. एकच मिनिट, मॅडम. …फोन धर ताई, ठेवू नकोस. हॉलमध्ये आलेय मी. नुसती ऐक.

…ही पाठिंब्याची पत्रं, मॅडम. एकशे बारा आहेत. …आणि हरकती, हो, तीस मागे घेतल्यात, प्रत्येकीवर सही आहे. …नाही, मोजण्यात चूक नाही. एकतीसच होत्या. …ही एक राहू द्या. …नाही, मॅडम, ही तालमीतली नाही. ही खरी आहे.

…कल्पना आहे मला. वर जाईल. सहा महिने. …मास्तर, थांबा. मला ओरडायचं ते नंतर ओरडा. …लिहिणारी माझी बहीण आहे, मॅडम. तिला घर सोडून येता येत नाही. तिच्या वतीने मी वाचली तर चालेल? …उभी राहूनच वाचते.

…ताई? ऐकलंस ना? …रागावू नकोस. ठेवते आता. …आईची कूस? बदललीस का?

…मग हात लावू नकोस. एकटीने उचलू नकोस तिला. एवढं वाचते आणि निघते. दोघी मिळून बदलू.