फुंकर न मारता

अहो, भजी करायची म्हणून अभयच्या बायकोने डबा उघडला तर खायचा सोडा गायब, व्हिनेगरची बाटली रिकामी... तुम्हाला सांगतो, वारज्यात आमच्या शेजारच्या या घरात महिनाभर स्वयंपाक नव्हताच, नुसता प्रयोग चालला होता! लेक तनुजा, आठवीतली, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मेणबत्त्या विझवणार होती, आणि त्याही फुंकर न मारता. सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसून फेस येतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, म्हणून तांब्यातच बसून राहतो, मग तो मेणबत्त्यांवर ओतायचा. ओतायचा? अभय तांब्यात डोकावला, तर काहीच नाही! "बाबा, वायू दिसत नाही, पण असतो." झालं, तेव्हापासून अभय बँकेतसुद्धा हेच पुटपुटायला लागला, दिसत नाही, पण असतो...

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. परीक्षक ललिताबाई टेबलापाशी आल्या, "हं, दाखवा." तनुजाने तांब्या कलता केला आणि मेणबत्त्या... जळतायत! छान जळतायत! मागे पोरं फिदीफिदी. ललिताबाई शांतपणे म्हणाल्या, "तांब्यात काही होतं, की रिकामाच आणलात?" आणि निघाल्या की पुढच्या टेबलाकडे! पोरीचे डोळे भरले, अभयला वाटलं, आपणच जाऊन फुंकर मारावी आणि मिटवावं एकदाचं. तेवढ्यात तनुजाने वर पाहिलं. पंखा!

"बाई, थांबा. पंखा बंद करते. वायू उडून जातोय."

आता मार्चची दुपार, वर पत्र्याचं छप्पर, पालक घामाने निथळतायत, कुरकुरतायत, आणि ही पुन्हा सोडा घालतेय, व्हिनेगर ओततेय, तोंडावर ताटली ठेवून फेस बसायची वाट बघतेय. अभयने तर श्वासच रोखला, न जाणो, आपल्यामुळे उडाला तर? दिसत नाही, पण असतो, दिसत नाही, पण असतो... तिने तांब्या हळूच कलता केला, थेंबसुद्धा पडला नाही, आणि पहिली मेणबत्ती गेली! मग तिच्या शेजारची! एकेक ज्योत मान टाकत गेली हो, आणि मघाचीच पोरं टाळ्या पिटायला लागली!

ललिताबाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. "पुन्हा कर बरं. मला नीट बघायचंय." पुण्यात याहून मोठं कौतुक असतं का, सांगा?

आता काय... संध्याकाळी वीज जाते, अभय मेणबत्ती लावतो, आणि तनुजा हसत हसत तांब्या घेऊन येते. हल्ली घरात सगळे मुकाट्याने अंधारातच जेवतात.